सम कुठे आहे? कॅप्टन बीफहार्टची तबकडी आणि आपले कान

जून 1969 मध्ये अमेरिकेत कॅप्टन बीफहार्ट या गायकाचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम बाजारात आला. मुखपृष्ठावर उंच टोपी घातलेला एक माणूस, आणि चेहऱ्यासमोर धरलेलं माशाचं मुंडकं. नावात ट्राउट असला तरी मुंडकं कार्प माशाचं होतं, म्हणजे फसवणूक वेष्टनापासूनच सुरू. आत 28 तुकडे, जवळजवळ 79 मिनिटं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना वाटतं ते असं: दोन गिटारवाले दोन वेगळ्या गाण्यांची तालीम करताहेत, ड्रमवाला तिसऱ्याच गाण्यात आहे, आणि घोगऱ्या आवाजाचा एक इसम या तिघांशी काही देणंघेणं नसल्यासारखा वर ओरडतोय.

हाच अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2010 सालासाठीच्या निवडीत राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला. 'रोलिंग स्टोन' मासिकाने 2003 मध्ये काढलेल्या सर्वोत्तम 500 अल्बमच्या यादीत तो 58वा होता. बीबीसीवरचे संगीत-निवेदक जॉन पील तर आयुष्यभर त्याचे भाट राहिले. लोकप्रिय संगीतात इतर कलांमधल्या माणसांनाही 'कलाकृती' म्हणून ओळखू येईल असं काही असेल तर ते बहुधा हेच, असं त्यांचं मत.

एकाच ध्वनीला एक माणूस गोंगाट म्हणतो आणि दुसरा कलाकृती. ऐकू दोघांनाही व्यवस्थित येतंय. मग भानगड काय आहे?

आधी एक घोळ बाजूला काढू. विक्षिप्त माणूस आणि विक्षिप्त संगीत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे विक्षिप्त गायक म्हटलं की किशोरकुमारच डोळ्यांसमोर येतो. 1985 साली प्रीतीश नंदींना दिलेल्या मुलाखतीत त्याने, झाडं हेच आपले मित्र, असं सांगून एकेका झाडाची नावानिशी ओळख करून दिली होती. पण हाच माणूस माइकसमोर उभा राहिला की गाणं नेमकं जिथे यायला हवं तिथे येतं. त्याचं वेड आपल्या कानापर्यंत पोचतच नाही. पोचलं तरी यॉडलिंगच्या रूपाने, गोड होऊन. याच्या अगदी उलट अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा. तो बरंचसं संगीत कागदावर उतरवायचा, वादकांकडून काटेकोर वाजवून घ्यायचा, अमली पदार्थांना बँडमध्ये थारा देत नसे. माणूस शिस्तीचा, संगीत मात्र चक्रम.

कॅप्टन बीफहार्ट हा या दोन्ही रकान्यांत बसणारा दुर्मीळ प्राणी. जन्माचं नाव डॉन व्हलीट ('व्हॅन' पुढे जोडलेलं), जन्म 1941, कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचा. किशोरवय गेलं मोहावी वाळवंटातल्या लँकेस्टर गावात. तिथल्या शाळेत झापा त्याचा मित्र. दोघं पोरं रात्र रात्र ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, तबकड्या ऐकत बसायची आणि डॉनचे वडील चालवत असलेल्या पावाच्या गाडीतले उरलेले अननसाचे बन खायची. डॉनचा आवाज ब्लूज गायक हाउलिन वुल्फसारखा, छातीच्या तळातून खरवडून काढलेला. 1967 चा त्याचा पहिला अल्बम 'सेफ अ‍ॅज मिल्क' ब्लूज-रॉकच्या चौकटीत बसणारा होता, आणि त्यावर गिटार वाजवत होता विशीतला राय कूडर. (हाच कूडर पुढे विश्वमोहन भट्टांबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' करतो आणि ग्रॅमी मिळवतो.) त्याच वर्षी जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका महोत्सवात डॉन गाणं अर्ध्यावर थांबवून, टाय नीट करून, मंचावरून सरळ खाली चालत गेला आणि पडला. का, तर समोरच्या गर्दीतली एक मुलगी मासा झालेली त्याला दिसली. कूडरने त्या दिवशी बँड सोडला आणि मॉन्टेरेच्या गाजलेल्या महोत्सवाची संधी हुकली.

आता कानाकडे येऊ.

आपण गाणं ऐकतो तेव्हा मेंदू नुसतं ऐकत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज सतत बांधत असतो. आपल्या मैफलींत हे उघड दिसतं. गवई तान घेऊन निघाला की श्रोत्यांच्या मनात समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, जाणारी वाट आखली जाते, तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) सुरू झाली की हात आपोआप वर उचलले जातात, आणि सम पडली की एकदम माना हलतात. मजा निव्वळ समेत नाही. ती चुकते की काय असं वाटायला लावून मग तिथे आणून सोडण्यात आहे. अंदाज शंभर टक्के बरोबर आला तर कंटाळा, एकही आला नाही तर वैताग.

बीफहार्टच्या संगीतात नेमकं हेच अडतं. समजा एका गिटारवर सात मात्रांचा तुकडा पुन्हापुन्हा चाललाय, दुसरीवर पाच मात्रांचा, आणि ड्रमवर चारचा. तिघे एकदम निघाले, तर तिघांची 'एक' पुन्हा एकत्र येणार 140 मात्रांनंतर. एवढा वेळ कुणाचा कान वाट बघणार? त्यात कित्येकदा ती भेट होण्याआधीच तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो. आता आपल्याकडेही आड-कुआड, म्हणजे मूळ लयीला तिरकी जाणारी, लय आहे, तबल्याच्या एकल वादनात गणितं याहून अवघड असतात. पण तिथे लेहरा, म्हणजे ताल दाखवत फिरत राहणारी एकच सुरावट, चालू असतो. तबलजी कुठेही भटकून आला तरी घर जागेवर असतं. इथे लेहरा धरून बसलेला माणूसच नाही. प्रत्येक वाद्य आपल्या जागी अचूक वाजतंय, फक्त आपण कुणाबरोबर चालायचं हे कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आपल्याला ते चुकतंय असं वाटतं.

त्यात गाण्याची भर. डॉनने ध्वनिमुद्रणात हेडफोन लावायला नकार दिला. वाद्यांचा आवाज स्टुडिओच्या काचेतून जेवढा झिरपेल तेवढ्यावर तो गायला. परिणामी आवाज वाद्यांच्या वर तरंगतो, कुठेच टेकत नाही. रुचीबिचीच्या गोष्टी करायच्या आधी हे साधं कारण लक्षात ठेवावं: गायकालाच बँड धड ऐकू येत नव्हता.

पण हा अंदाज बांधणारा कान जन्मतः असाच असतो का? या बाबतीत तान्ह्या मुलांवरचे प्रयोग भलतेच बोलके आहेत. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रीहब या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं, की उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन देशांतल्या विषम ताला-ठेक्यांमधली गडबड ओळखता येते, अगदी साध्या ठेक्यांइतकीच. उत्तर अमेरिकेतल्याच मोठ्या माणसांना मात्र येत नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत ही क्षमता ओसरते. घरात जे ठेके कानावर पडतात तेवढेच 'बरोबर' वाटू लागतात. त्यातली गंमत अशी की वर्षाच्या बाळाला थोडे दिवस ते परके ठेके ऐकवले तर क्षमता परत येते. मोठ्यांना तेवढंच ऐकवून फारसा फरक पडत नाही. सात मात्रांचा रूपक ऐकत वाढलेल्या माणसाला सातचं काही वाटत नाही, आणि साताच्या ठेक्यावर पाश्चात्त्य पॉपचा श्रोता अडखळतो, त्यामागे हे आहे.

सुरांचंही तेच. दोन सूर एकत्र वाजले की काही जोड्या गोड लागतात, काही खटकतात, आणि हे निसर्गनियमानेच होतं असं आपण धरून चालतो. 2016 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात बोलिव्हियातल्या अ‍ॅमेझॉन जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना अशा दोन्ही जोड्या ऐकवल्या गेल्या. त्यांना फरक ऐकू येत होता. पण गोड मानलेली जोडी त्यांना खटकणारीपेक्षा जास्त आवडली, असं मुळीच झालं नाही. तेव्हा 'कानाला खटकतं' हे वाक्य खरं असलं तरी अर्धं आहे; कोणाच्या कानाला आणि तो कान कुठे वाढला, हे त्यात राहून जातं.

मग मोठं झाल्यावर कान तयार होऊ शकतो की नाही? होऊ शकतो, पण वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती बरी वाटू लागते. डॅनियल बर्लाइन यांनी 1971 च्या पुस्तकात त्याला पुढचा मुद्दा जोडला: आवड ही गुंतागुंतीबरोबर आधी चढते, मग उतरते. फार सोपं नको, फार अवघड नको, मधलं हवं. आणि किती सोपं, किती अवघड, हे ऐकणाऱ्याच्या सरावावर ठरतं. वारंवार ऐकल्याने अवघड गाणं सोपं होत जातं आणि आवडीच्या टेकडीवर चढतं. सोपं गाणं मात्र त्याच सरावाने पलीकडच्या उतारावर लागतं. रेडिओवरचं गाजलेलं गाणं दोन महिन्यांत नकोसं होतं ते म्हणून. रोज ऑफिसला जाताना एकच गाणं लावणाऱ्या माणसाला आणि नवनवीन शोधणाऱ्याला या टेकडीवर एकमेकांचे फक्त पाय दिसतात, त्यामुळे ते भांडतात.

'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचा जनक मॅट ग्रोनिंग याचा अनुभव या सिद्धांताला जणू मापून शिवलेला आहे. शाळकरी वयात त्याने 'ट्राउट मास्क रेप्लिका' घेतला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा इतकं वाईट काही आजवर ऐकलं नाही असं त्याला वाटलं. पण दोन तबकड्यांचे पैसे मोजलेले, आणि वर निर्माता म्हणून फ्रँक झापाचं नाव. म्हणून पुन्हा लावला. मग लक्षात आलं की हे मुद्दाम असं वाजवताहेत. सहाव्या-सातव्या खेपेला हा आपण ऐकलेला सर्वांत थोर अल्बम आहे, इथवर तो आला.

मला यात सातव्या खेपेपेक्षा दुसरी खेप महत्त्वाची वाटते. जे पहिल्यांदा असह्य झालं ते माणूस दुसऱ्यांदा का लावतो? ग्रोनिंगकडे दोन कारणं होती, खर्च झालेले पैसे आणि झापाचं नाव. दोन्ही संगीताच्या बाहेरची.

खुद्द झापाची गोष्टही अशीच. पोरवयात त्याने एका मासिकात एका रेकॉर्डच्या दुकानाची तारीफ वाचली. दुकानदार इतका हुशार की एदगार वारेझ या संगीतकाराचं नुसत्या ताडताड वाजणाऱ्या वाद्यांचं भयंकर प्रकरणसुद्धा विकू शकतो, अशा अर्थाचं काहीतरी. निंदा वाचूनच झापा पेटला. ती तबकडी शोधून, घासाघीस करून आणली. आईने दिवाणखान्यात वाजवू दिली नाही, म्हणून स्वतःच्या खोलीत वाजवली. पंधराव्या वाढदिवसाला त्याने भेट काय मागितली, तर वारेझला दूरच्या अंतराचा फोन लावायची परवानगी. फोन लागला, वारेझ घरी नव्हते, बायकोशी बोलला. आईला जो गोंगाट वाटला तोच मुलाला 'माझं' वाटला, आणि आईला तो गोंगाट वाटतो हा त्या आवडीचाच एक भाग असणार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए यांनी 1979 च्या ग्रंथात हे मोठ्या पसाऱ्यावर मांडलंय: आपण काय ऐकतो यातून आपण कोण आहोत आणि मुख्य म्हणजे कोण नाही, हे सांगत असतो.

बाकीच्यांचं ऐकून आपली आवड किती हलते, हे 2006 मध्ये मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी मोजलं. 14,000 हून अधिक लोक, अनोळखी बँडची 48 गाणी, आणि श्रोत्यांचे आठ वेगवेगळे 'जग'. प्रत्येक जगात, इथल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेवढं दिसायचं. गाणी सगळीकडे तीच, पण एका जगात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या जगात मागे पडलेलं. फार चांगली गाणी क्वचितच बुडाली, फार वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

पण सक्तीने पुन्हापुन्हा ऐकवलं तर? तो प्रयोग आपल्या देशात एका मराठी माणसाने करून पाहिला आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. देशाचे कान शास्त्रीय संगीताने घडवायचे होते. लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनवर नेली. शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. वारंवार ऐकल्याने आवड निर्माण होते हे खरं, पण ऐकणाऱ्याने थांबायला हवं. आणि आता तर थांबण्याचं कारणच उरलं नाही. ग्रोनिंगचे पैसे तबकडीत अडकले होते. आज फोनवर गाणं बदलायला काही लागत नाही, त्यामुळे आठव्या सेकंदाला खटकलेलं गाणं नवव्या सेकंदाला नसतं.

दुसऱ्या खेपेला बसवणारी आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे दंतकथा, आणि बीफहार्ट त्यात वस्ताद होता. आपण एकदा लेखक ऑल्डस हक्सलेला व्हॅक्यूम क्लीनर विकला, हे तो सांगायचा. घराभोवतालची झाडं आमच्या आवाजाने घाबरून पडतील म्हणून त्याने झाडांच्या डॉक्टरची मागणी केली, हेही प्रसिद्ध आहे. आणि सर्वांत गाजलेली थाप ही, की 'ट्राउट मास्क रेप्लिका'तलं सगळं संगीत आपण साडेआठ तासांत रचलं आणि वादकांना वाद्यं हातात धरण्यापासून शिकवलं. वार्ताहरांनी हे छापलं. चाहत्यांना ते हवंच होतं. प्रतिभावंत हा झपाटलेला असतो, ही कल्पना सगळ्यांनाच आवडते.

प्रत्यक्षात काय झालं ते ड्रमर जॉन फ्रेंच आणि गिटारवादक बिल हार्कलरोड यांनी पुढे सांगितलं, लिहिलं. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागातल्या एका लहान घरात बँड सुमारे आठ महिने राहिला. डॉनला पियानो वाजवता येत नव्हता. तो पियानोवर बसून सुचेल तसे तुकडे ठोकायचा आणि फ्रेंच ते कागदावर उतरवून घ्यायचा, एकाला एक जोडायचा, मग कोणी काय वाजवायचं ते प्रत्येकाला शिकवायचा. पियानोवर दहा बोटांनी पडलेले सूर गिटारच्या सहा तारांवर मावेनात, म्हणून ते वाटून घ्यावे लागत. तालीम दिवसाला बारा-बारा तास. पैसे नाहीत, खायला नाही. कधीकधी दिवसाकाठी मूठभर सोयाबीन. अन्न चोरताना बँडवाले पकडले गेले आणि झापाने जामीन भरला. डॉनने सगळ्यांची नावं बदलून ठेवली होती, एकेकाला मध्ये बसवून तासन् तास झापायचा, मारहाणीपर्यंत गोष्टी जात. वयं विशीची. याला कलंदरपणा म्हणायला मी तयार नाही. हा छळ होता.

एवढ्या तालमीनंतर मार्च 1969 मध्ये स्टुडिओत काय घडलं? वीसेक गाण्यांचं वादन सुमारे सहा तासांच्या एकाच बैठकीत उरकलं. जे ऐकून 'यांना वाजवता येत नाही' असं आपण म्हणतो, ते या मुलांना झोपेतही चुकणार नाही इतकं पाठ होतं. दुसऱ्यांदा वाजवलं असतं तर हुबेहूब तेच आलं असतं. आणि ज्याने हे सगळं कागदावर उतरवलं, जोडलं, शिकवलं, त्या फ्रेंचचं नाव अल्बमवर छापलंच नाही. अल्बम पुरा झाल्यावर डॉनने त्याला हाकललं होतं.

हे कळल्यावर माझ्यापुरतं ऐकणंच बदललं. आता मी गायकाच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रम धरतो, आणि त्या धाग्याने गिटारी सापडतात. तरीही सांगतो, 79 मिनिटं फार आहेत. वाद्यांशिवाय नुसतं म्हणून दाखवलेले, टेपचा खटका ऐकू येणारे तुकडे मला आजही सोसत नाहीत, आणि जे त्यांनाच अल्बमचा आत्मा मानतात त्यांच्याशी माझं जमणार नाही. बीफहार्टने 1982 नंतर संगीत सोडलं, चित्रं काढली, त्यावर पोटही भरलं. 2010 च्या डिसेंबरात तो गेला.

ऐकून बघायचं असेल तर थेट या अल्बममध्ये उडी मारू नका. आधी 'सेफ अ‍ॅज मिल्क' ऐका, मग 1972 चा 'क्लिअर स्पॉट'. तिथे आवाज तोच आहे पण ठेका धरता येतो. त्यानंतर 'ट्राउट मास्क रेप्लिका'तलं 'मूनलाइट ऑन व्हर्माँट', कारण त्यात ब्लूजची ओळखीची चाल अजून शिल्लक आहे. ते पचलं तर मग पहिलंच गाणं 'फ्राउनलँड'. ते दोन मिनिटांचंही नाही, त्यामुळे सात खेपा केल्या तरी पाव तासात मोकळे. एका खेपेला एकच वाद्य धरा. आणि घरात इतर माणसं असतील तर हेडफोन लावा; गायकाने लावले नव्हते, त्याची फळं आपण बघतोच आहोत.